चिडायचं तर इंग्रजीत

आमच्या घरात चिडायला कधीच बंदी नव्हती. बंदी होती ती मराठीत चिडायला.

हा नियम मी केला आणि तो पूर्णपणे बरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढची हकीकत वाचून तुमचं मत वेगळं होईल. होऊ दे! माझ्या बायकोचं तर केव्हाच झालंय, आणि तिच्या मताला मी भीक घालत नाही, तर तुमच्या मताला काय घालणार?

मी मूळचा शिरूरचा. मॅट्रिक झालो आणि दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. इंजिनं कोळशावर चालायची आणि मॅट्रिक झालेल्या माणसाला लोक वाट सोडायचे, तेव्हाची ही गोष्ट. क्वार्टर मिळालं, पाठोपाठ लग्न झालं. बायको निमोण्याची, नाव सुमन. स्वभाव मायाळू, हाताला चव, पण आवाज! शेताच्या या बांधावर उभं राहून पलीकडच्या बांधावरच्या माणसाला जेवायला हाक मारायची सवय झालेला आवाज तो. आणि आमच्या क्वार्टरची भिंत अशी, की मी कूस बदलली तर शेजारी विचारायचा, "झोप नाही का लागत?"

सकाळी सुमन मला जे बोलायची, ते माझ्या आधी ऑफिसात पोचलेलं असायचं. मी खुर्चीत टेकायच्या आत हमाल विचारणार, "काय भाऊसाहेब, आज बी घासलेट इसरला म्हनं?" स्टेशनावरचा भजीवालाही एकदा म्हणाला, "वहिनींचं बरोबर हाय बरं का." ज्या घासलेटाशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्या घासलेटाबद्दल! मग मात्र मी ठरवलं, आता बास.

"सुमन," मी म्हणालो, "आजपासून या घरात चिडायचं ते इंग्रजीत."

"आन् का म्हनून?"

"साहेबलोक बघ. तेही भांडतात, पण शेजाऱ्याला काही कळत नाही."

"शेजाऱ्याला कळायचंच न्हाई, तर भांडायचं कशापायी?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. जो मराठीत चिडेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरांच्या लाइनीतल्या नळावरून पाणी भरायचं, अशी शिक्षाही जाहीर केली. आमच्या लाइनीत पाणी बायका भरायच्या. पुरुष नळाकडे फिरकायचा तो फक्त चेपलेला अंगठा धारेखाली धरायला.

"दोघांनाबी त्योच नेम?" सुमनने विचारलं.

"दोघांनाही."

"मंग द्या टाळी."

मी टाळी दिली. माझा हिशेब सरळ होता. ती चौथी पास, मी मॅट्रिक. इंग्रजीत चिडायचं म्हटल्यावर ती गप्प बसणार आणि मी बोलत राहणार. तरी माझं मन मोठं, म्हणून एक शब्द मी तिला फुकट शिकवला. एक्साइटेड. "रागबिग आला की म्हणायचं, आय अ‍ॅम एक्साइटेड. एका शब्दात सगळं भागतं."

दोन दिवस घरात अशी शांतता होती की शेजारी काळजीने डोकावून गेले. तिसऱ्या दिवशी सुमन पलीकडच्या क्वार्टरमध्ये टीचरबाईंकडे गेली.

टीचरबाईंचे यजमान लोकोशेडमध्ये फिटर. बाई स्वतः शिरूरकडे मिशनच्या शाळेत शिकवायच्या, लग्नानंतर दौंडला आल्या. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जायच्या आणि बाकीचे सहा दिवस कुणाला तरी काहीतरी शिकवायला मिळावं म्हणून तळमळायच्या. त्यांच्या तावडीत सुमन सापडली! (की सुमनच्या तावडीत त्या, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.)

"एक्साइटेड?" टीचरबाई म्हणाल्या. "अहो सुमनताई, ते तर जत्रेला निघालेलं पोरही असतं. नुसत्या रागाला ते पुरायचं नाही. रागाचे शब्द वेगळे, आणि त्यांना पायऱ्या आहेत."

त्यांनी तीन पायऱ्या शिकवल्या. अपसेट, अ‍ॅजिटेटेड, फ्युरियस. सुमनने त्या दुधावर बसवून पाठ केल्या. दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे आले की अपसेट. साय थरथरून वर चढायला लागली की अ‍ॅजिटेटेड. दूध उतू जाऊन चूल विझली की फ्युरियस. "हळू आवाजात म्हणायचं हं," असंही टीचरबाईंनी बजावलं होतं, पण तेवढा भाग सुमनने सोडून दिला.

त्या संध्याकाळी मी घासलेट विसरून घरी आलो. सुमन भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आय अ‍ॅम अपसेट."

माझ्या हातातली पिशवी गळाली. अहो, मराठीत ती बोलायची तेव्हा काय चुकलं, कधी चुकलं, मागच्या दिवाळीला काय चुकलं होतं, सगळं कळायचं. इथे नुसता निकाल! गुन्हा आपण शोधायचा. मी घासलेटाची कबुली दिली, मग शेजाऱ्याला उसन्या दिलेल्या छत्रीची दिली, मग तिच्या काकांना म्हशीवरून जे बोललो होतो त्याचीही दिली. घासलेट सोडलं तर तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता अ‍ॅजिटेटेड."

पुढे पुढे तर हे घराबाहेर गेलं. गवळी पाणी घालतो म्हणून तिने त्याला दारातच ऐकवलं, "आय अ‍ॅम अ‍ॅजिटेटेड!" गवळ्याला वाटलं, सरकारी काहीतरी आहे. दुसऱ्या दिवसापासून दूध घट्ट झालं. लाइनीतल्या बायका टीचरबाईंकडे रांग लावू लागल्या. हमाल मला विचारू लागला, "भाऊसाहेब, आज कितवी पायरी?"

आणि माझं काय? मी मॅट्रिक! पण खरं सांगू का, इंग्रजीत रागावणं हे वाक्य आधी मनात जुळवून, मग तोंडातून काढायचं काम आहे. कर्ता आला, क्रियापद आलं, आणि तेवढ्यात राग निघून गेला. राहायचं ते नुसतं व्याकरण. उलट घाईने रागावलो तर तोंडातून थेट शिरूरचं मराठी बाहेर पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन नळावर. बायका बाजूला सरकून जागा द्यायच्या. "या भाऊजी, तुमचा नंबर धरलाय." त्या सौजन्याने माझा जो अपमान झाला, तो शिव्यांनी झाला नसता.

नियम मोडीत काढा, असं मी म्हटलं नाही. माघार घेणाऱ्यातला मी नव्हे.

हे असं चाललेलं असताना निमोण्याहून सुमनचे चुलते आबा वांग्यांच्या पाट्या घेऊन दौंडच्या बाजाराला आले. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सुमे, दत्तूचा सांगावा हाय."

दत्तू म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा त्याला हिनेच न्हाऊमाखू घालून वाढवला. आमच्या लग्नाआधी बापाशी भांडून तो मिलिटरीत पळाला. तेव्हापासून हिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मी तर त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"त्याच्या पलटणीतलं आपल्या गावचं पोरगं सुट्टीवर आलंय," आबा सांगू लागले. "त्ये म्हनत हुतं, बेस्तवारी सकाळी दत्तूची पलटण नगरास्नं गाडीत बसनार. लांब चाललीत. कुठं त्ये सांगत न्हाईत. गाडी दौंडाला थांबती नव्हं? अक्काला म्हनावं, इंजिनापास्नं तिसरा डबा. यकदा तोंड दाव म्हनलाय."

सुमनने हातातला तांब्या खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग मला म्हणाली, "अहो, चुकामूक व्हायची न्हाई ना? आता गेला तर परत कवा दिसंल, कुनाला ठावं."

"चुकामूक?" मी छाती पुढे काढली. "मी रेल्वेचा माणूस आहे!"

गुरुवारी सुमन पहाटेच उठली. दुधात मळलेल्या गुळाच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, पितळेचा डबा चिंचेने घासून लखलखीत केला आणि त्यात सगळं दाबून भरलं. नवी साडी नेसून दारात उभी राहिली. मी दाढी करत होतो.

"गाडी आली असंल," ती म्हणाली.

"आली तरी जाते कुठे? इथे इंजिन फिरवतात. वेळच वेळ आहे."

"आय अ‍ॅम अपसेट."

"मेहुण्याला पहिल्यांदा भेटायचं, कोट नको का घालायला?"

"आय अ‍ॅम अ‍ॅजिटेटेड!"

कोटाचं बटण तुटलेलं होतं. ते मी तसंच सोडलं आणि निघालो, कारण तिसरी पायरी क्वार्टरच्या भिंतीला झेपली नसती.

स्टेशनावर पोचलो तर गाडी उभी. मी डबा सुमनच्या हातून घेतला आणि पुढे पळालो, नऊवारी सावरत ती मागून. इंजिन गाठलं, डबे मोजले. एक, दोन, तीन! खिडकीला तोंड लावून ओरडलो, "दत्तू आहे का दत्तू?"

"कोन इचारतंय? मीच दत्तू," आतून आवाज आला आणि खिडकीत एक भरघोस मिशांचं तोंड आलं.

मला भरून आलं. "अरे, मी तुझा दाजी!" म्हणत मी डबा आत दिला. तो "बरं" म्हणाला आणि त्याने झाकण उघडलं. मिलिटरीने खायला चांगलं घातलेलं दिसत होतं. पोट खिडकीत मावत नव्हतं. मी कौतुकाने बघत होतो, तोवर त्याने एक दशमी संपवली आणि दुसरीला हात घातला. तेवढ्यात सुमन धापा टाकत पोचली.

"ह्यो कोन बाप्या?"

"कोण म्हणजे? तुझा भाऊ!"

"माझा भाऊ पन्नाशीचा कवा झाला?"

मी डब्यात नीट पाहिलं. आत सगळे बकऱ्यांचे व्यापारी बसलेले, सैनिक औषधालाही नव्हता. पण म्हणून मी हार मानणार? "इंजिनापासून तिसरा डबा हाच!" मी ठणकावून सांगितलं. "तुझ्याच आबांनी सांगितलंय. हवं तर मोजून बघ!"

सुमनने मोजलं नाही. तिने इंजिनाकडे पाहिलं, मग लांब गाडीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की त्याच क्षणी मलाही ते कळलं.

नगरकडून आलेली गाडी पुण्याकडे जायची तर दौंडला तिचं तोंड फिरवावं लागतं. पुढचं इंजिन सुटतं आणि मागच्या बाजूला येऊन जोडलं जातं. शेपटाचं तोंड होतं आणि तोंडाचं शेपूट. दौंडचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. मी तर पार्सल ऑफिसच्या खिडकीतून रोज बघायचो! आणि नगरहून निघालेल्या माणसाचा तिसरा डबा मी दौंडच्या इंजिनापासून मोजला होता. (कोणत्या वेळचं इंजिन, हे निरोपात असायला नको होतं का? पण आबांना कोण बोलणार!)

तेवढ्यात गार्डाची शिट्टी वाजली.

सुमन पळाली. साडीचा ओचा वर खोचून, निमोण्याच्या बांधावरून पळावं तशी पळाली. मी मिशीवाल्या दत्तूच्या हातून डबा ओढू लागलो. तो म्हणे, "दिलेलं परत घेता व्हय?" मी हिसडा मारला आणि डबा घेऊन तिच्यामागे पळालो. माझ्यामागे अख्ख्या गाडीच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

टोकाला गार्डाच्या डब्यापाशी मॉरिससाहेब उभा. अँग्लो-इंडियन, पांढराशुभ्र गणवेश, लालबुंद चेहरा, तोंडात शिट्टी, हातात हिरवा झेंडा. सगळं दौंड त्याला वचकून असायचं. सुमन थेट त्याच्या झेंड्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब! आय अ‍ॅम अपसेट!"

मॉरिससाहेबाने शिट्टी तोंडातून काढली.

"आय अ‍ॅम अ‍ॅजिटेटेड!"

झेंडा अर्ध्यावर आला.

"आय अ‍ॅम फ्यु-रि-यस!"

हा आवाज लोकोशेडपर्यंत गेला, असं टीचरबाईंच्या यजमानांनी नंतर अभिमानाने सांगितलं. फलाटावरचा चहावाला किटली धरून थिजला. मॉरिससाहेबाने टोपी काढली.

"यस मॅडम," तो अदबीने म्हणाला. "विथ हूम?"

पायऱ्या संपल्या होत्या. पुढचं इंग्रजी टीचरबाईंनी शिकवलं नव्हतं. सुमनचे डोळे भरून आले, आणि तिने सरळ बोट केलं. माझ्याकडे!

मॉरिससाहेब माझ्याकडे वळला. "वेल?"

आता बोलायचं ते मी. घरातला मॅट्रिक! मी तोंड उघडलं. कर्ता शोधला. क्रियापद शोधलं. भाऊ या साध्या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात, तेही आठवेना. तिकडे इंजिनाने वाफ सोडली, इकडे सुमनच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि माझ्या आतून काहीतरी फुटून बाहेर आलं.

"आवो सायेब, हिचा भाऊ हाय त्या डब्यात! हातानं वाढिवलेला भाऊ! वरसं झाली तोंड दिसलं न्हाई, आन् तुमी कसलं येल-येल करताय? आग लावा त्या झेंड्याला!"

नोकरी गेली, हे मला स्पष्ट दिसलं.

मॉरिससाहेबाने टोपी परत डोक्यावर ठेवली. "मग आसं सरळ सांग की मर्दा!" तो म्हणाला. जन्मला वाढला दौंडात, त्याला काय मराठी येत नव्हतं? "पळा बाई, त्यो बघा मिल्ट्रीचा डबा. म्या हितंच उभा हाय."

त्याच्या बोटासमोरच तिसरा डबा होता. खिडकीतून एक सडपातळ पोरगा अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, "अक्का! ए अक्का!"

सुमनने जाऊन आधी त्याचा कान धरला. मग अशी बोलली, अशी बोलली, की मागच्या सगळ्या गप्प दिवसांचं व्याज वसूल केलं. "मुडद्या, पळून जाताना अक्का आठवली न्हाई व्हय रं? ढोरा, खातोस काय, हाडं किती निघालीत!" असं म्हणत म्हणत त्याचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळत होती आणि हमसून रडत होती. तोही रडत होता, आणि त्याच्या मागे उभे असलेले त्याचे सोबती उगाच छताकडे बघत होते. मी डबा पुढे केला. माझेही डोळे वाहत होते, मला त्याची लाज नाही. दत्तूने झाकण उघडलं आणि विचारलं, "अक्का, निम्मा रिकामा कसा गं?" आम्ही दोघांनी ते ऐकलंच नाही.

मग झेंडा हलला आणि गाडी गेली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत सुमन हात हलवत उभी होती. परतताना वाटभर ती हसत होती, मध्येच डोळे पुसत होती आणि परत हसत होती. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर भांडण लागलं ते लागलंच. गाडी थांबवली कुणी? ती म्हणते, तिच्या इंग्रजीने, झेंडा अर्ध्यावर आला तो कशाने? मी म्हणतो, माझ्या मराठीने. (सिग्नल तोवर पडलाच नव्हता आणि गाडी तशीही उभीच राहणार होती, असं केबिनवाल्याने मला नंतर कानात सांगितलं. ते मी घरात बोललेलो नाही आणि तुम्हीही बोलू नका.)

"ते कायबी असू दे," सुमन म्हणाली. "साऱ्या फलाटाम्होरं मराठीत चिडलं कोन? उद्याचं पानी तुमचं."

"आणि तू? भावाला मुडद्या म्हणालीस, ढोरा म्हणालीस! तेही मराठीतच!"

"म्या कुठं चिडले हुते?" ती शांतपणे म्हणाली. "म्या एक्साइटेड हुते. तुमीच शिकवलाय त्यो शब्द."

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन नळावर गेलो. बायकांनी माझा नंबर धरून ठेवला होता.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. दत्तू पेन्शन घेऊन निमोण्याला आला, नातवंडांना मिशा फुटल्या. आमच्या घरात नळ आला, पण तो सकाळी थोडा वेळच येतो, त्यामुळे भरायचं पाणी आणि मोडायचा नियम दोन्ही शाबूत आहेत. लोक हसतात. हसोत! गाडी मीच थांबवली, डबा मी बरोबर मोजला होता, इंजिन चुकीच्या बाजूला होतं, आणि नियम तर मुळीच चुकीचा नव्हता. हे एकदा सगळ्यांना ठणकावून सांगावं, म्हणून आज दुपारी दार लावून एका बैठकीत हे लिहून काढलं.

सुमनने आत्ताच माझ्या खांद्यावरून ते सगळं वाचलं. सगळं रागारागाने लिहिलंय, आणि सगळं मराठीत, एवढंच म्हणाली, आणि रिकामी घागर आणून माझ्या खुर्चीपाशी ठेवून गेली.